वेंडीजचा बर्गर, इमॉकलीचा टोमॅटो आणि आमच्या घरातला बहिष्कार

चिंचगूळ

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळच्या डब्लिनला राहतो. वेंडीज या बर्गरवाल्यांचं मुख्यालय इथंच. लेक ओहायो स्टेटमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमाहून येताना रात्रीचे साडेदहा झाले, सगळ्यांना भूक. नवऱ्यानं सवयीनं गाडी वेंडीजच्या ड्राइव्ह-थ्रूत घातली. मागून आवाज आला, "बाबा, मी इथंच उतरते." थंडी शून्याखाली, अंगात खणाचा परकर-पोलका, आणि ही खरंच दार उघडून उतरली. आमच्या पुढे दोन गाड्या, मागे तीन, आणि पार्किंगमध्ये हाताची घडी घालून आमचं कन्यारत्न.

कारण काय, तर फ्लोरिडातल्या टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी २०१६ पासून वेंडीजवर बहिष्कार घातलाय. तिच्या विद्यापीठातल्या मुलांनी २०१७ मध्ये याच कारणासाठी उपोषणही केलं होतं म्हणे.

माझे प्रश्न दोन. मजुरी देतो मळेवाला, मग भांडण बर्गरवाल्याशी का? आणि आमच्या एका घरानं न खाल्ल्यानं कुणाचं काय अडणार? आम्ही शाकाहारी. तिथं खातो काय, तर फ्राइज, भाजलेला बटाटा आणि फ्रॉस्टी. टोमॅटोचा संबंध येतोच कुठे?

खमंग_काकडी

बहिष्कार घालायला आधी गिऱ्हाईक असावं लागतं. तुम्ही तर आधीपासूनच ऐंशी टक्के बहिष्कारात आहात.

सुगरण_नाही_मी

ताई, फ्राइजबरोबर केचप घेता ना? आला की टोमॅटो!

आडवाटसरू

सुगरणताई, केचपचा टोमॅटो वेगळा. तो मुख्यतः कॅलिफोर्नियात होतो आणि यंत्रानं तोडतात. बर्गरमधल्या चकतीचा टोमॅटो मात्र अजून हातानं तोडावा लागतो. हिवाळ्यात अमेरिकेत पिकणारा असा ताजा टोमॅटो बहुतेक फ्लोरिडातला.

मी फोर्ट मायर्सला एकोणीस वर्षं आहे. इमॉकली (ब्रोकोलीच्या चालीवर म्हणा, म्हणजे जमेल) इथून तासाभराच्या आत. एका बाजूला नेपल्सचे गोल्फ कोर्स, आणि पाऊण तास आत गेलं की हे गाव. मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून आलेली माणसं, एकेका पत्र्याच्या ट्रेलरमध्ये आठ-दहा जण.

२००९ च्या जानेवारीत एका सहकाऱ्याबरोबर मी पहाटे तिथं गेलो होतो. किराणा दुकानासमोरचं पार्किंग, पावणेपाचची वेळ, मोकळे फिरणारे कोंबडे आणि रंग फासलेल्या जुन्या स्कूलबस. मुकादम बसच्या दारात उभा राहून बोटानं माणसं निवडत होता. निवडलेली बस साडेपाचला मळ्यावर पोचते, पण दव वाळल्याशिवाय टोमॅटोला हात लावता येत नाही. म्हणजे नऊ-दहापर्यंत नुसतं बसायचं. त्या वेळेचा पैसा नाही.

मग बादली. ३२ पौंडांची, आपल्या हिशोबात साडेचौदा किलो. टोमॅटो हिरवाच तोडतात, लाल करतात नंतर इथिलीन वायू देऊन. भरलेली बादली खांद्यावर टाकून वाळूतून पळत ट्रक गाठायचा, वरच्या माणसाकडे भिरकावायची, तो ती रिकामी करून परत फेकतो आणि एक बिल्ला देतो. एका बिल्ल्याचे तेव्हा ४० ते ५० सेंट. पन्नास धरले तरी १२५ बादल्या, म्हणजे चार हजार पौंड माल तोडल्यावर साडेबासष्ट डॉलर. १९८० च्या आसपासचा हा दर, तीस वर्षं जवळपास जागचा हललेला नव्हता.

आता तुमचा पहिला प्रश्न. मळेवाल्यांशी ते भांडले की! १९९३ मध्ये चर्चच्या एका खोलीत संघटना सुरू झाली, कोएलिशन ऑफ इमॉकली वर्कर्स. १९९६ मध्ये एका पोरगेल्या मजुराला पाणी प्यायला थांबला म्हणून मुकादमानं रक्त येईस्तोवर मारलं, तर त्याचा रक्तानं माखलेला सदरा पुढे धरून पाचशे माणसं रात्री मुकादमाच्या दारात गेली. १९९७-९८ च्या हिवाळ्यात सहा जणांनी तीस दिवस उपोषण केलं. २००० मध्ये फोर्ट मायर्सहून ऑरलँडोपर्यंत पायी मोर्चा काढला, २३४ मैल. मळेवाले बोलायलाच तयार नव्हते. ट्रॅक्टर कधी शेतकऱ्याला शेती शिकवतो का, असं त्यातला एक जण म्हणाल्याचं कामगार आजही सांगतात.

तेव्हा त्यांनी हिशोब मांडला. मळेवाल्याच्या डोक्यावर कोण? हजारो दुकानांसाठी एकगठ्ठा माल घेऊन भाव पाडणारी बर्गर कंपनी. मग वरच्यालाच गाठू. मागणी एवढीच की पौंडामागे एक सेंट जास्त द्या, तो सरळ मजुराकडे जाऊ दे, आणि नियम पाळणाऱ्या मळ्यातूनच माल घ्या. २००१ मध्ये टाको बेल या मेक्सिकन पद्धतीच्या फास्टफूड कंपनीवर बहिष्कार सुरू झाला, मार्च २००५ मध्ये कंपनीनं मान्य केलं. २००७ ला मॅकडोनाल्ड्स, २००८ ला बर्गर किंग आणि सबवे. मोठ्या पाचांत राहिली एक वेंडीज.

मोगरा_७

आडवाटसरू, वेगळा लेख लिहा हो. वाचनखूण साठवली.

हिशोबी

चित्र छान रंगवलंय, पण अर्थशास्त्राचं काय? १९९४ च्या नाफ्टा करारानंतर (अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोचा खुल्या व्यापाराचा करार) मेक्सिकोचा टोमॅटो धो धो यायला लागला. फ्लोरिडाचा महाग केलात की कंपन्या मेक्सिकोकडे वळणार, मळे बंद, मजूर घरी. की मग यंत्र आणणार. आणि तो एक सेंट शेवटी तुमच्या-आमच्याच खिशातून जाणार.

दुसरं, यातले बरेच जण विनापरवाना आलेले. आपण इथं एच-वन-बी व्हिसावर पंधरा पंधरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहोत, एवढंच नमूद करतो.

शेंगदाणा_कूट

हिशोबीराव, खिशाचा हिशोब मी करतो. बर्गरमध्ये टोमॅटोच्या दोन चकत्या, साठ ग्रॅम धरा. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. पौंडाला एक सेंट, तर बर्गरला एक अष्टमांश सेंट. आठ बर्गर खाल्लेत की तुमचा एक सेंट जाईल. मंडळाच्या वर्गणीत समजून घेऊ.

हिशोबी

मग एवढ्याशा रकमेसाठी कंपन्या वर्षानुवर्षं अडून का बसतात? माझाही प्रश्न तोच आहे.

आडवाटसरू

कारण रक्कम हा मुद्दाच नव्हता. एकदा सही केली की "मजूर माझे नाहीत, कंत्राटदाराचे आहेत" ही ओळ कायमची हातातून जाते. मळेवाल्यांचीही अडचण तीच. २००७ मध्ये त्यांच्या संघटनेनं ठरवलं की जो सभासद हा एक सेंट मजुराला पोचवील त्याला एक लाख डॉलर दंड. कंपन्यांचा पैसा तयार होता, तो खात्यात पडून राहिला! पुढे सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये संघटना नमली. आज राज्यातला सुमारे नव्वद टक्के टोमॅटो या करारात येतो.

विनापरवान्याबद्दल: २००७ च्या नोव्हेंबरात इमॉकलीतच एका बंद ट्रकच्या टपाची झडप तोडून मजूर बाहेर आले. मुकादम त्यांना रात्री त्यात कोंडून ठेवायचा. त्याला आणि त्याच्या भावाला बारा बारा वर्षांची शिक्षा झाली, खटला गुलामगिरीच्या कलमांखाली चालला. कागद नसलेला माणूस पोलिसांकडे जात नाही, हेच तर त्या धंद्याचं भांडवल. मी पण रांगेत आहे हिशोबी, पण मला कुणी ट्रकमध्ये कोंडत नाही.

मोगरा_७

बर्गर किंगचा किस्सा कुणी सांगितला नाही अजून? २००८ मध्ये इंटरनेटवर कुणीतरी या कामगार संघटनेला रोज शिव्या घालत होतं, पैसे खातात, ढोंगी आहेत वगैरे. एका स्थानिक पत्रकारानं माग काढला तर तो आयडी निघाला कंपनीच्या एका उपाध्यक्षाच्या शाळकरी मुलीचा. लिहीत होते वडील! मुलगी म्हणाली, मी नाही, बाबांनी लिहिलं. महिन्याभरात कंपनीनं करारावर सही केली.

खमंग_काकडी

हहपुवा. डुप्लिकेट आयडीमुळे मजुरांचं भलं झाल्याचं जगातलं एकमेव उदाहरण. ॲडमिननी नोंद घ्यावी.

शेंगदाणा_कूट

हिशोबी, तुमच्या मुलीचं वय काय?

हिशोबी

मला मुलगा आहे. आणि तो माझा पासवर्ड वापरतो, उलटं नाही.

बांधावरचा

निफाड तालुक्यातून लिहितोय. आमची द्राक्षं युरोपात जातात, त्यामुळं "नियम पाळणाऱ्या मळ्यातूनच माल" हे वाचून हसू आलं. आमच्याकडं पण येतात तपासायला. सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय कंटेनर भरत नाही. एका निर्यातदाराचा माणूस (नाव घेत नाही) आदल्या दिवशी फोन करतो. मग हातमोजे, टोप्या, प्रथमोपचाराची पेटी, सगळं बाहेर निघतं. संडासाला नवीन कुलूप आणि किल्ली खिळ्याला. तपासणीस बाई आल्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण माझ्यासमोर माझ्याच मजुरांना विचारलं, "मालक बरे आहेत ना?" पेठ-सुरगाण्याकडची पोरं ती, काय सांगणार! "हो" म्हणाली. संध्याकाळी मोजे मोजून परत. दोन कमी भरले तर त्यावरून मीच ओरडलो. लिहायला लाज वाटते, पण झालं ते झालं.

तर तिकडं फ्लोरिडात काय वेगळं होतं? का तिथंही किल्ली खिळ्यालाच?

आडवाटसरू

दादा, हा लाख मोलाचा प्रश्न विचारलात. माझ्या मते सगळी गंमत इथंच आहे.

तिथं नियम मजुरांनी लिहिले. बाहेरच्या सल्लागाराला हे सुचलंच नसतं, एक उदाहरण देतो. बादली काठोकाठ भरली तरी मुकादम म्हणायचा, अजून टाक, वर ढीग आला पाहिजे. पैसे मात्र ३२ पौंडांचेच. त्या वरच्या ढिगाला स्पॅनिशमध्ये खास शब्द आहे, कोपेते. दर दहा बादल्यांमागे जवळपास एक बादली फुकट जायची. करारात चक्क लिहिलंय की ढीग मागायचा नाही, बादली इथपर्यंत भरली की भरली.

शिवाय मळ्यावर पाऊल ठेवल्याबरोबर घड्याळात नोंद, म्हणजे दव वाळेपर्यंतचा वेळही कामाचा. सावलीसाठी तंबू. भरती थेट मळ्याच्या नावावर, मुकादमाच्या नव्हे. बायकांना हात लावणाऱ्याला आणि सक्तीनं राबवणाऱ्याला माफी नाही, तो मळा सरळ बाद. नियम समजावून सांगतात मजुरांमधलेच लोक, कामाच्या वेळेत, पगारी. चोवीस तास तक्रारीचा फोन आहे, तो उचलणारे मळेवाल्याचे नोकर नाहीत. तक्रारी आणि तपासणी बघायला २०११ पासून वेगळी परिषदच आहे फ्लोरिडातल्याच सारासोटात, प्रमुख न्यूयॉर्कच्या निवृत्त न्यायाधीश. तपासणीत निदान निम्म्या मजुरांशी बोलतात. आणि मळा बाद झाला की मॅकडोनाल्ड्सपासून वॉलमार्टपर्यंत (तेही २०१४ मध्ये आले) कुणी त्याचा माल घेत नाही.

पाचट

कोपेते म्हणजे आपली शीग! 🙏

माझी आजी केज तालुक्यातली. पायलीनं ज्वारी घालायची तर घेणारा म्हणायचा "शीग लाव", आणि तोच उसनं परत करताना पायलीवरून हात फिरवून सपाट करायचा. आजी म्हणायची, "घेताना शिगोशीग, देताना हातफिरी." बाजार समितीत मापात कडता कापतात तोही त्यातलाच भाऊ.

राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घ्यायची आणि टनावर फेडायची. बाई पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या वाहते, हिशोबात मात्र अर्धा कोयता. पाळीमुळं खाडे नकोत म्हणून गर्भपिशवी काढून टाकलेल्या बायका माझ्या आळीत आहेत. २०१९ मध्ये यावर सरकारनं समितीही नेमली होती. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली ती संपाची हाक दिल्यावर. पण संप कुणाविरुद्ध? कारखान्याविरुद्ध. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो माझीच उचल बुडते. आमचा टाको बेल कोण, सांगा.

बांधावरचा

पाचट, साखर कोण घेतं ते बघा. घरगुती गिऱ्हाईक थोडं. शीतपेयवाले, बिस्किटवाले, आइस्क्रीमवाले, मिठाईवाले. टाको बेल तिकडं बसलाय.

सुगरण_नाही_मी

म्हणजे आता बिस्किटंही सोडायची? चहाबरोबर काय खायचं मग?

हिशोबी

बघा, म्हणूनच म्हणतो. असं म्हणत गेलो तर उपाशी मरू. प्रत्येक घासामागे कुणीतरी भरडलेलं असतंच. एक वेंडीज सोडून मन शांत करून घ्यायचं, बस्स.

चिंचगूळ

बाप रे, एका रात्रीत इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. पाचट, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. तिला "उचल"चा अर्थ सांगता सांगता मीच अडखळले.

हिशोबी, तुमचं म्हणणं आमच्याकडे टेबलावर रोज ऐकते मी (नवरा). लेक त्यावर म्हणते, "बाबा, ते उपाशी राहा म्हणत नाहीयेत. त्यांनी एकच दुकान सांगितलंय." टाको बेलचा बहिष्कार उठला त्या दिवसापासून लोक परत खायला लागले, हे मला माहीत नव्हतं. सोडायचं ते कायमचं नाही, सही होईपर्यंत.

शेंगदाणा_कूट

हे पटलं. आमच्या लहानपणीच्या कट्टीसारखं. बट्टी होण्यासाठीच कट्टी असते.

निंबोणी

कायद्याची एक गंमत सांगते (पेशानं वकील, न्यू जर्सी). १९३५ चा अमेरिकेचा कामगार संघटना कायदा शेतमजुरांना लागूच नाही. मुद्दाम वगळलं होतं, दक्षिणेतल्या मळेवाल्यांना काळे मजूर संघटित व्हायला नको होते. त्यामुळे शेतमजुराला संघटना केली म्हणून काढलं तर या कायद्याचं संरक्षण नाही. पण याच कायद्याला १९४७ मध्ये जोड देऊन कामगार संघटनांना तिसऱ्या पक्षावर बहिष्कार पुकारायला बंदी घातली, तीही मग यांना लागू नाही! कारखान्यातल्या संघटनेनं मालकाशी भांडण असताना त्याच्या गिऱ्हाइकाच्या दारात असं धरणं धरलं असतं तर कोर्टात गेली असती. दार बंद करणाऱ्यांनी खिडकी उघडी ठेवली, आणि हे लोक खिडकीतून बरोबर टाको बेलच्या ऑफिसात उतरले.

आडवाटसरू

वा निंबोणीताई! वीस वर्षं इथं राहून हे माहीत नव्हतं.

वेळूवन

दुसरी बाजूही कुणीतरी मांडा की. वेंडीजचं म्हणणं असं की आमच्या पुरवठादारांची तपासणी आम्ही बाहेरच्या संस्थांकडून करून घेतो, आणि आता आमचे टोमॅटो हरितगृहातले असतात, मळ्यातले नाहीतच. मग त्यांना इमॉकलीच्या करारात ओढायचं कशाला?

बांधावरचा

बाहेरच्या संस्थांची तपासणी म्हणजे माझी खिळ्यावरची किल्ली. वर लिहिलंय.

आडवाटसरू

हरितगृहाला छप्पर असतं, मुकादमाला नसतं असं थोडंच आहे? आत तोडायला माणसंच लागतात. आणि एक मजा ऐका. २००५ मध्ये टाको बेलनं करार केला तेव्हा तिथले अध्यक्ष एमिल ब्रोलिक. तेच २०११ मध्ये वेंडीजचे सीईओ झाले. सगळ्यांना वाटलं, चला, काम झालं. बहिष्कार सुरू झाला २०१६ मध्ये, त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटी!

२०१८ च्या मार्चमध्ये मजूर बायका न्यूयॉर्कला वेंडीजच्या मोठ्या भागधारकाच्या ऑफिससमोर पाच दिवस उपाशी बसल्या. २०२३ च्या मार्चमध्ये पहोकीपासून पाम बीचपर्यंत पन्नास मैल चालले. पहोकीच का, तर कलिंगडं तोडणाऱ्यांना तिथं काटेरी तारेच्या आत ठेवलेलं होतं. तो मळा करारातला नव्हता. चालणाऱ्यांत मी दीड दिवस होतो. दुसऱ्या दिवशी पायाला फोड आले म्हणून बसलो, तर साठीच्या एका बाईनं माझ्या हातात संत्रं ठेवलं आणि पुढे निघून गेली. संत्रं सोलायची ताकदही नव्हती राव.

खमंग_काकडी

आषाढी वारीत नाव नोंदवा, सराव होईल.

पाचट

काकडी, थट्टा नाही, २०१८ ला नाशिकहून मुंबईला शेतकरी चालत आले होते ना, बहुतेक आदिवासी, तेव्हा मी ठाण्याला रस्त्यावर बिस्किटांचे पुडे वाटले होते. एका आजींच्या चपलेचा तळ गेला होता, चिंधी बांधून चालत होत्या. दहावीच्या पोरांची परीक्षा आहे म्हणून शेवटचा टप्पा ते लोक रात्रीच चालले.

सुगरण_नाही_मी

बिस्किटं पुन्हा आली. 😐

हिशोबी

मी माझा मुद्दा सोडलेला नाही, मेक्सिकोच्या मालाचं उत्तर कुणी दिलं नाही. पण बादलीवरची शीग बंद केली हे मला आवडलं. ठरलेल्या मापाचे ठरलेले पैसे, हा बाजाराचाच नियम आहे. त्यासाठी पंधरा-वीस वर्षं लागावीत हे मात्र अति आहे.

आडवाटसरू

मेक्सिकोचा मुद्दा खरा आहे हिशोबी, फ्लोरिडाचा बाजार खरंच आटतोय. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि त्या एका सेंटबद्दलही भ्रम नको. सहभागी कंपन्या जेवढा माल घेतात तेवढ्यावरच तो मिळतो. पावतीवर वेगळी ओळ असते. कुठल्या आठवड्यात बरा, कुठल्या आठवड्यात किरकोळ. वेंडीज किंवा पब्लिक्ससारखे किराणावाले बाहेर राहतात तेवढी ती ओळ बारीक होते. चिंचगूळताईंचा दुसरा प्रश्न होता ना, एका घरानं काय होतं? बर्गरच्या खपाला काही होत नाही. टाको बेलची विक्रीसुद्धा फार पडली असेल असं मला वाटत नाही. पण वीसेक कॉलेजांतल्या मुलांनी आपल्या आवारातून टाको बेल काढायला किंवा येऊच न द्यायला लावलं, आणि तिचं गिऱ्हाईक म्हणजे अठरा ते चोवीस वयाची मुलंच. तुमची लेक गाडीतून उतरली ना, कंपनीला भीती असते ती त्या उतरण्याची.

चिंचगूळ

तिला हे वाचून दाखवत नाही, डोक्यावर बसेल.

ताजी खबर. नवऱ्यानं काल ऑफिसच्या जेवणाची ऑर्डर दुसरीकडून मागवली. कारण विचारलं तर म्हणाला, "तिथं रांग असते." बरं.

येत्या शनिवारी मुख्यालयाबाहेर मुलं फलक घेऊन उभी राहणार आहेत. मी आयुष्यात कधी मोर्चात गेले नाही, पण एवढ्या थंडीत पोरं उपाशी उभी राहणार म्हणून गरम पोहे घेऊन जाईन म्हणते. चाळीस जणांना किती पोहे लागतील?

सुगरण_नाही_मी

मला विचारू नका, नाव वाचा.

बांधावरचा

तीन किलो घ्या ताई. तरणी पोरं आहेत, दोनदा घेतील. मोठ्या पातेल्याला खालून ओलं फडकं गुंडाळा, तासभर गरम राहतं. आम्ही छाटणीला असंच नेतो.

पाचट

शेंगदाणे सढळ हातानं. ताटलीवर शीग येऊ द्या.

खमंग_काकडी

आणि पोह्यात टोमॅटो घालणार असाल तर आधी तुमच्यावर बहिष्कार.